डोकं लपवणारा भुंगेरा

जुन्या पुस्तकाचा पुठ्ठा उघडला तर कण्यातून बारीक भुसा सांडला. त्यात एक तपकिरी भुंगेरा मरून पडलेला, लांबी जेमतेम अडीच मिलिमीटर. पुस्तकं पोखरणारे असे दोन भुंगेरे सगळीकडे सापडतात: स्टेगोबियम पॅनिसियम आणि लॅसिओडर्मा सेरिकॉर्नी. दोघंही लालसर तपकिरी, दोघांच्याही अंगावर लव. नुसत्या डोळ्यांनी फरक कळणं कठीण. माझ्या हातात यातला कोणता होता, ते मला बघायचंच होतं.

कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शकाचं दहापटीचं भिंग, म्हणजे ऑब्जेक्टिव्ह, लावलं. एवढं मोठं करून बघताना एका फ्रेममध्ये स्पष्ट दिसतो तो थर साधारण नऊ मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बाकी सगळं धूसर. म्हणून पाच-पाच मायक्रॉन पुढे सरकत १२० फ्रेम काढल्या. तेवढा वेळ मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो, कारण कुणी शेजारून चाललं तरी फ्रेम हलते. टणक पंख चकाकू नयेत म्हणून भोवती ट्रेसिंग पेपरची नळी केली होती. स्टॅकिंग झाल्यावर, म्हणजे सगळ्या फ्रेममधले स्पष्ट भाग एकत्र जोडल्यावर, फोटो असा उतरला की बघत राहावं. एकेक केस मोजता येत होता.

पण ओळख काही पटेना. या भुंगेऱ्यांचं डोकं छातीच्या कवचाखाली वळलेलं असतं, वरून ते दिसतच नाही. मिशाही खाली दुमडलेल्या. आणि चारी बाजूंनी सारखा मऊ उजेड टाकल्यामुळे पंखांवरचे खळगेही सपाट झाले होते. ज्या उजेडानं फोटो देखणा झाला, त्यानंच खूण पुसली. तेव्हापासून मी ओळखीचा फोटो आणि देखणा फोटो वेगवेगळे काढतो.

भुंगेऱ्यावर कोमट पाण्याचा थेंब टाकून सांधे सैल होऊ दिले आणि ब्रशच्या एका केसानं मिशी बाहेर ओढायला लागलो. ती मुळातूनच तुटली. फार वाईट वाटलं, कारण नमुना एकच होता. पण ती काचपट्टीवर सपाट पसरली आणि अवघ्या तीस फ्रेममध्ये टोकापासून बुडापर्यंत स्पष्ट आली. अकरा पेरं. लॅसिओडर्माच्या मिशीची पेरं करवतीच्या दात्यांसारखी असतात. इथे मधली पेरं बारीक मण्यांसारखी आणि शेवटची तीन एकदम लांब नि रुंद. म्हणजे स्टेगोबियम.

तरी खात्री हवी होती. ट्रेसिंग पेपर काढला, फ्लॅश एका बाजूला अगदी खाली आणला आणि पंख पुन्हा टिपले. तिरप्या उजेडात खळग्यांच्या उभ्या रेघा उठून दिसल्या, नांगरलेल्या शेतासारख्या. लॅसिओडर्माच्या पंखांवर अशा रेघा नसतात.

अडीच मिलिमीटर म्हणजे भुंगेऱ्यांत फार लहान नव्हे. २०१५ मध्ये कीटकशास्त्रज्ञ अलेक्सेई पोलिलोव्ह यांनी मोजलेला सर्वात छोटा स्किडोसेला, हाही एक भुंगेराच, अवघा ०.३२५ मिलिमीटरचा. त्याची मिशी कशी सोडवत असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

भुंगेरा आता त्रिकोणी कागदाच्या टोकावर, पाण्यात विरघळणाऱ्या गोंदानं चिकटवलाय. तुटलेली मिशी त्याच्या शेजारीच. खाली चिठ्ठीवर तारीख, जागा, आणि तो पुस्तकाच्या कण्यात सापडला हेही लिहिलंय.