हात वर न करणारे दहाजण

पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे बारावीच्या, पोरांना प्रॉबॅबिलिटीची सूत्रं तोंडपाठ असतात. 'आणि' दिसलं की गुणायचं, 'किंवा' दिसलं की मिळवायचं, हा मंत्र कुणीतरी आधीच कानात फुंकलेला असतो. कंडिशनलपाशी, म्हणजे एक गोष्ट कळल्यावर दुसरीची शक्यता किती याच्यापाशी, आलं की मंत्र आडवा होतो. मग बेळगावात टिळकवाडीतल्या माझ्या क्लासात मी पुस्तकातले फासे-पत्ते बाजूला ठेवतो आणि समोरच्या पोरांनाच फळ्यावर घेतो.

समजा वर्गात ४० जण (आकडे हिशेबाला सोयीचे केलेत). २४ जण मराठी माध्यमातून दहावी झालेले, १५ जण खानापूर-नंदगडकडून बसने येणारे, दोन्हीत मोडणारे ९. अख्ख्या वर्गात मराठी माध्यमाचं प्रमाण २४ भागिले ४०, म्हणजे ०.६. आता नुसते बसवाले घ्या: १५ पैकी ९, पुन्हा ०.६. एखादा बसने येतो हे कळून त्याच्या माध्यमाबद्दल काडीचीही नवी माहिती मिळाली नाही. दोन्ही गोष्टी स्वतंत्र.

"पण सर, नऊ पोरं दोन्हीकडं हाईत की वो, मग स्वतंत्र कसं?"

प्रश्न रास्त आहे. पण दोन्हीत कुणीच नसणं हे तर स्वातंत्र्याच्या अगदी उलट. बसने येणारे आणि सायकलने येणारे घ्या. सामाईक एकही नाही. पोरगा बसने आला एवढं कळलं की सायकलची शक्यता शून्य. याहून घट्ट गाठ कुठली? आणि मुलगी असणं व बसने येणं? जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकामुलींना सरकारी बस फुकट आहे, मुलांना तिकीट पडतं. ही दोन स्वतंत्र मानायला मी तरी धजणार नाही.

मग चौकट आखायची. दोन्हीत ९, फक्त मराठी १५, फक्त बस ६, कशातच नाही १०. तिरका गुणाकार करा: ९ × १० = ९० आणि १५ × ६ = ९०. सारखे आले, स्वतंत्र. उद्या नंदगडहून बसने येणारा मराठी माध्यमाचा आणखी एक पोरगा दाखल झाला, की एकीकडे १००, दुसरीकडे ९०. बसवाल्यांत ०.६२५, वर्गात सुमारे ०.६१. एवढ्याशा फरकावरून व्यवहारात काही ठरवू नये. पेपरात मात्र 'स्वतंत्र नाही' असंच लिहायचं.

खरी गंमत चौथ्या रकान्यात. "मराठी माध्यमाचे किंवा बसने येणारे, हात वर करा," म्हटलं तर हात ३० वर येतात. एका पोरीने तेवढ्यांचाच हिशेब मांडला: तिसात मराठीचे २४, म्हणजे ०.८, बसवाल्यांत ०.६. तिने लिहिलं, 'बसने येणाऱ्यांत मराठी माध्यमाचे कमी.' भागाकार चोख होता. पण बसने न येणाऱ्यांपैकी ज्याने हात वर केला तो मराठी माध्यमाचाच असणार, नाहीतर त्याने हात कशाला वर केला असता? हात खाली ठेवणारे दहा गळाले आणि नसलेला संबंध उगवला.

अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये हेच दवाखान्यातल्या रुग्णांबाबत दाखवलं. उदाहरण होतं पित्ताशयाची सूज आणि मधुमेह. दोन्ही आजार माणसाला दवाखान्यात आणतात, म्हणून बाहेर एकमेकांशी संबंध नसला तरी भरती झालेल्यांच्या नोंदीत तो दिसू शकतो.

हे चाललं असताना भाग्यनगरहून पायी येणारा, इंग्रजी माध्यमाचा एकजण खूश होऊन म्हणाला, "म्हणजे सर, आम्ही हात खाली ठेवूनसुद्धा गणितात लागतो की वो!"