‘केबिन साइज’ची बॅग आणि घाटकोपरचा पूल

दोन रात्रींच्या कामासाठी ठाण्याहून बंगळुरूला जाताना कोणती बॅग घ्यावी, असे गेल्या जूनपूर्वी कोणी विचारले असते तर मी ‘असेल ती घ्या’ म्हणून मोकळा झालो असतो. आता मात्र या विषयावर माझे मत ठाम आहे, आणि ते ठाम होण्यासाठी मला १,८९० रुपये, एक निखळलेले चाक आणि घाटकोपरच्या पुलावर अनोळखी माणसांची बोलणी एवढी किंमत मोजावी लागली. ज्यांना असे वारंवार जावे लागते आणि जे विमानतळापर्यंत लोकलने व मेट्रोने जातात, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. घरून गाडी सोडायला येत असेल तर यातील निम्मा भाग तुमच्या कामाचा नाही.

जुन्या सॅकची चेन गेली होती, म्हणून मी नौपाड्यातील एका दुकानात शिरलो. लॅपटॉप, कागदपत्रे आणि दोन दिवसांचे कपडे मावतील, विमानात सोबत ठेवता येईल अशी आटोपशीर बॅग मला हवी होती. दुकानदाराने कडक कवचाची, चार चाकांची, पुढे लॅपटॉपचा वेगळा कप्पा असलेली ट्रॉली काढली, एका बोटाने ती गुळगुळीत फरशीवर गोल फिरवून दाखवली आणि म्हणाला, “केबिनच आहे साहेब, बिनधास्त न्या.” बॅगेला लटकवलेल्या चिठ्ठीवर ५५ सेंमी अशी उंची छापलेली होती, आणि मी तिकीट काढले होते त्या विमान कंपनीची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंमी असल्याने मला अधिक चौकशी करण्याची गरज वाटली नाही. फसगत झाली ती इथेच. ती ५५ सेंमी केवळ कवचाची उंची होती. चाके आणि वरचे हँडल धरून मी नंतर घरी टेप लावली तेव्हा ती ५८.५ सेंमी भरली. विमान कंपनी बॅग मोजते ती चाकांसकट, आणि दुकानातील चिठ्ठी मोजते ती चाकांशिवाय.

वजनाचे तर दुकानात कोणी नावही काढले नाही. परत आल्यावर मी ती रिकामी ट्रॉली आमच्या इमारतीखालच्या रद्दीवाल्याच्या लटकत्या काट्याला लावली, तर २ किलो ९०० ग्रॅम भरली. “आत काय ठेवलंय साहेब?” असे त्याने विचारले. आत काहीही नव्हते. देशांतर्गत उड्डाणांत इकॉनॉमी वर्गातील प्रवाशाला सोबत नेण्याच्या बॅगेसाठी साधारणतः ७ किलोंची मर्यादा असते, म्हणजे मी एक रुमालही भरण्याआधी मर्यादेचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग चाकांवर, कवचावर आणि सरकत्या दांड्यावर खर्च करून बसलो होतो. कार्यालयाने दिलेला जुना लॅपटॉप २ किलो २०० ग्रॅमचा, त्याचा विटेसारखा चार्जर ४०० ग्रॅमचा. उरलेल्या दीड किलोत माणसाने कपडे न्यायचे की फायली, हा हिशेब मी निघण्याआधी करायला हवा होता.

आता त्या टप्प्याविषयी, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो-३ या भुयारी मार्गाचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा भाग सुरू झाल्यापासून ठाणेकरांसाठी विमानतळाची वाट कागदावर फार सोपी झाली आहे. लोकलने घाटकोपर, तेथून वर्सोव्याच्या मेट्रोने चौथे स्थानक मरोळ नाका, तेथे खाली भुयारी मार्गावर उतरून पुढचेच स्थानक टर्मिनल २. टर्मिनल १ चे स्थानकही त्याच मार्गावर आणखी थोडे पुढे आहे, त्यामुळे तिकिटावर टर्मिनल कोणते लिहिले आहे ते पाहून उतरावे. घोडबंदर रस्त्यावरून टॅक्सीने निघून वाहतुकीत अडकण्यापेक्षा हा मार्ग वेळेच्या दृष्टीने भरवशाचा आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु या मार्गात घाटकोपर येते, आणि सकाळी आठ वाजता घाटकोपर म्हणजे काय हे ज्याने पाहिले आहे, त्याला चार चाकांची ट्रॉली सोबत नेण्याची बुद्धी होणार नाही. मला झाली.

कल्याणहून भरून आलेल्या जलद गाडीत मी ठाण्याला चढलो, हीच पहिली चूक. सॅक असती तर इतरांसारखी पुढे छातीवर घेतली असती. ट्रॉली छातीवर घेता येत नाही, पायांत ठेवली तर ती चाकांवर घरंगळते, आणि वरच्या फळीवर टाकायची तर सहा जणांच्या डोक्यांवरून ती उचलून न्यावी लागते. मी ती गुडघ्यांत आवळून उभा राहिलो. घाटकोपरला माणूस उतरत नाही, उतरवला जातो. मी उतरवला गेलो आणि ट्रॉली माझ्यामागे अर्धी डब्यात, अर्धी फलाटावर अशी अडकली. मागच्या एका गृहस्थांनी तिला पायाने ढकलले, त्यातच पुढचे डावे चाक गेले असावे. त्यानंतर पुलाकडे जाणारा तो जिना. सरकत्या जिन्यापुढे रांग, साध्या जिन्यावर दोन्ही बाजूंनी माणसे, आणि पावसाने ओल्या झालेल्या पायऱ्या. चाके असलेल्या बॅगेचे दुर्दैव असे की जिथे चाकांचा उपयोग नसतो तिथे ती दुप्पट जड होते, कारण सगळे वजन एका हातात येते आणि ते शरीरापासून लांब लटकते. पुलावर गर्दी जराशी सैल झाली म्हणून मी दांडा ओढून ट्रॉली फरशीवर टेकवली, तर मागून येणारे तिला अडखळू लागले. “अहो काका, उचला ती गाडी!” हे त्या सकाळी ऐकलेले सर्वांत सौम्य वाक्य होय. मेट्रोच्या दारात बॅगेची तपासणी, मरोळ नाक्याला खाली उतरल्यावर पुन्हा तपासणी, आणि दोन्ही वेळा ८ किलो २०० ग्रॅमचा तो डबा उचलून पट्ट्यावर ठेवणे. विमानतळाच्या दारात पोहोचलो तेव्हा उजवा खांदा उचलत नव्हता.

जाताना बॅगेचे वजन कोणी केले नाही, आणि त्यामुळे माझा असा समज झाला की करतच नाहीत. परतताना केले. बंगळुरूमधील दोन दिवस बैठकांत गेले, त्यांत सांगण्यासारखे काही नाही. एका ग्राहकाने नमुने आणि जाड माहितीपुस्तके हातात ठेवली, मी घरी नेण्यासाठी म्हैसूर पाक घेतला, आणि गेटसमोरच्या रांगेत कर्मचाऱ्याने बॅग हुकाच्या काट्याला लावली तेव्हा आकडा आला ९.४. शेजारच्या लोखंडी साच्यात ती उतरवून पाहिली, तर कवच आत गेले आणि चाके वर राहिली. जादाचे २.४ किलो ३ किलो धरले गेले, करासह १,८९० रुपये झाले आणि बॅग विमानाच्या पोटात, सामानात जाईल असे मला सांगण्यात आले. त्या उड्डाणाला माझ्यापुढच्या निदान चार जणांच्या बॅगा माझ्याहून फुगलेल्या होत्या आणि त्यांना कोणी हात लावला नाही, हे मी पाहिले. परंतु ‘त्यांना का नाही?’ या प्रश्नाला गेटवर उत्तर नसते. नियमाची अंमलबजावणी लहरीवर चालते, पण नियम छापलेला असतो, आणि तो छापलेला असल्याने भांडणात तुम्ही हरता. कार्यालयाच्या लेखा विभागाने ती पावती ‘वैयक्तिक सामान’ असा शेरा मारून परत केली.

पैशांपेक्षा मला अधिक लागला तो त्यानंतरचा प्रसंग. बॅग सामानात जाणार असेल तर पॉवर बँक आत ठेवता येत नाही, ती प्रवाशाजवळच राहावी लागते, आणि लॅपटॉप तरी कोण आत सोडणार? माझी पॉवर बँक तळाशी, मोज्यांच्या खाली होती. पन्नास माणसांच्या रांगेपुढे मी गुडघ्यांवर बसून ती ट्रॉली पुस्तकासारखी उघडली, वापरलेले कपडे एका हाताने बाजूला केले आणि दुसऱ्या हाताने वायर ओढत राहिलो. तेव्हापासून पॉवर बँक मी सर्वांत वरच्या छोट्या कप्प्यात ठेवतो आणि इतरांनीही तसेच करावे, बॅग कोणतीही असो. १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक विमान कंपनीच्या वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते. नेहमीच्या पॉवर बँकेचे २०,००० एमएएच ३.७ व्होल्टने गुणून हजाराने भागले की ७४ वॅट-तास होतात, म्हणजे ती चालते. मात्र ज्या पॉवर बँकेवरचे आकडे पुसले गेले आहेत ती घेऊन जाऊ नये, सुरक्षा तपासणीत त्यावरून वाद होतो.

ऑगस्टमध्ये पुन्हा जायचे होते, तेव्हा मी बॅग घ्यायला निघालो तो घरून सगळे सामान एका कापडी पिशवीत भरूनच. लॅपटॉप, चार्जर, दोन इस्त्रीचे शर्ट, एक पँट, चपला, छत्री, दाढीचे सामान आणि एक फाइल. दुसऱ्या एका दुकानात मी काउंटरवर ते एकेक करून समोरच्या बॅगांत भरले. दुकानदाराच्या कपाळावर आठ्या आल्या, मुलाला त्याने ‘बघ रे जरा’ म्हणून माझ्याजवळ उभे केले, पण कोणी अडवले नाही. हा एकच सल्ला कोणी पाळला तरी माझे लिहिणे वसूल झाले: बॅगेच्या चिठ्ठीवरचे लिटर वाचू नका, स्वतःचे सामान घालून चेन लावून पाहा. ‘३० लिटर’ लिहिलेल्या एका बॅगेत शर्ट मोडल्याशिवाय जात नव्हता, कारण आत अकरा छोटे कप्पे शिवलेले होते आणि प्रत्येकाने थोडी थोडी जागा खाल्ली होती; २६ लिटरच्या साध्या बॅगेत सगळे बसले.

तीच घेतली. पाठीवरची, चौकोनी, सूटकेससारखी तीन बाजूंनी पूर्ण उघडणारी, रिकामी १ किलो १०० ग्रॅम. ४,२०० सांगितले होते, ३,४०० ला मिळाली. मी तिच्यात काय पाहिले ते सांगतो. लॅपटॉपचा कप्पा पाठीला लागून आहे, त्यामुळे जड वस्तू अंगाजवळ राहते आणि खांदे मागे ओढले जात नाहीत. शिवाय त्या कप्प्याचा तळ बॅगेच्या तळापासून दोन बोटे वर शिवलेला आहे, म्हणजे बॅग धपकन खाली ठेवली तरी लॅपटॉपचा कोपरा जमिनीवर आदळत नाही. हे पाहण्यासाठी आत हात घालून कप्प्याचा तळ चाचपावा लागतो, बाहेरून कळत नाही. खांद्याचे पट्टे रुंद आहेत. बाजूला एक आडवे हँडल आहे, ज्याने ती लोकलच्या फळीवरून एका हाताने ओढता येते. बाहेरच्या बाजूला यूएसबीचे भोक असलेल्या बॅगा दुकानदार कौतुकाने दाखवतो. ते भोक निरुपयोगी आहे, आणि ठाण्याच्या पावसात तेथूनच पाणी आत जाते. ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावरही विश्वास ठेवू नये. कापड पाणी अडवते, शिवण आणि चेन अडवत नाही. वेगळे पावसाळी आवरण घ्यावे, आणि फाइल तरीही प्लास्टिकच्या पिशवीत घालावी.

दुसऱ्या वेळी मी जलद गाडीच्या नादी लागलो नाही. ठाण्याहूनच सुटणारी धीमी गाडी पकडली, उभे राहायला नीट जागा मिळाली, सॅक पुढे घेतली आणि घाटकोपरला दोन्ही हात मोकळे ठेवून उतरलो. तोच जिना, तोच पूल, तशीच गर्दी. पण या वेळी कोणी मला काका म्हणाले नाही. खरे सांगायचे तर मरोळ नाक्याला भुयारी स्थानकाच्या लांब सरकत्या जिन्यावर उभा असताना मला उगाचच विजयी वाटत होते, आणि त्या भरात मी आता असे म्हणतो आहे की या मार्गाने चाकांची बॅग नेणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा हट्टी. जाताना सगळे मिळून वजन साडेपाच किलोंच्या आसपास होते. यात मोठा वाटा नव्या हलक्या लॅपटॉपचा आणि १३० ग्रॅमच्या ६५ वॅटच्या गॅलियम नायट्राइड (या पदार्थामुळे लहान आणि हलक्या होणाऱ्या) चार्जरचा आहे, हे मान्य करायला हवे. जुना लॅपटॉप आणि जुनी वीट असती तर आकडा सात किलोंच्या जवळ गेला असता. परतताना म्हैसूर पाक आणि कॉफीची पूड धरून ६.६. गेटवर या वेळी वजन झालेच नाही, याचा मला थोडा रागच आला.

दोष आहेत. ही बॅग स्वतःच्या तळावर उभी राहत नाही, बाहेरच्या खिशात पाण्याची बाटली ठेवली की आतली जागा कमी होते, आणि शर्टाला जी घडी पडते ती हॉटेलच्या इस्त्रीशिवाय जात नाही. बंगळुरूत विमानतळ ते इलेक्ट्रॉनिक्स सिटी असा शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाचा प्रवास केआयए-८ क्रमांकाच्या विमानतळ बसने करताना ती मांडीवर घेऊन बसलो, तर मांड्यांना घाम आला. मानेचे किंवा कमरेचे दुखणे असलेल्यांनी पाठीवरची बॅग घ्यावी असे मी म्हणणार नाही. त्यांनी टॅक्सी करावी आणि ट्रॉलीच न्यावी, मात्र ती रिकामी दोन किलोंच्या आत असावी आणि टेप चाकांसकट लावावी.

ऐरोली-वाशीच्या मंडळींची गोष्ट वेगळी. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली आहेत, तेव्हा ज्यांना तेथून विमान मिळते आणि जे गाडीने जातात त्यांची घाटकोपरपासून सुटका झाली. काट्यापासून नाही. सात किलो तेथेही सात किलोच.

तीन रात्री किंवा कोट घालण्याचा समारंभ असेल तर माझी २६ लिटरची बॅग पुरणार नाही, तेव्हा तिकीट काढतानाच सामानाचे पैसे भरावेत. आधी भरलेला दर गेटवरच्या दरापेक्षा कमी असतो, आणि ती पावती लेखा विभागही परत करत नाही.