आमच्या गल्लीतली पुराची रेघ

नाशिकमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडलं की किती क्युसेक ते नंतर, आधी सगळे विचारतात 'मारुतीच्या कुठपर्यंत आलं?' गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचे पाय बुडाले, कंबर बुडाली, छातीला लागलं, असंच आम्ही गोदावरीचं पाणी मोजतो, आणि पाणी काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेपर्यंत जाण्याचं नाव निघालं की जुनी माणसं गप्पच होतात.

तशीच एक खूण आमच्याही गल्लीत आहे, भांडीबाजाराच्या मागे. वाड्याच्या भिंतीवर कोणीतरी ऑइल पेंटने मारलेली १९६९ च्या महापुराची रेघ. लहानपणी पत्ता सांगताना आम्ही 'रेघेपाशी या' म्हणायचो. नंतर तिच्यावर पोस्टर चिकटली, पानाच्या पिचकाऱ्या बसल्या, २००८ चा पूर येऊन गेला, २०१९ चा येऊन गेला आणि रेघ जवळजवळ दिसेनाशीच झाली.

मला ते फार लागलं. मग वाडामालकांची परवानगी काढली, घरटी ५०० रुपये वर्गणी जमवली आणि बोर्ड रंगवणाऱ्या काकांना बोलावलं, म्हटलं रेघेच्या भोवती चित्र काढा, घाट, मारुती, पाणी सगळं. काकांनी भिंतीला हात लावला आणि म्हणाले, "ताई, ऑइल पेंट नका लावू, भिंत चुन्याची आहे, ओल आत कोंडली की पोपडे येतात." म्हणून चुन्यातच गेरू, पिवडी, काजळी कालवून पातळ पातळ हात मारले. ओला असताना रंग इतका गडद दिसायचा की मी घाबरले, पण वाळला की एकदम फिका व्हायचा, मग परत एक हात, असं आठवडाभर चाललं. (गेरूचं पाणी गल्लीभर सांडलं होतं, कोणी कुरकुर केली नाही.)

एकाच गोष्टीवरून वाद झाला. मारुतीचा चेहरा नीट बसावा म्हणून काकांना रेघ थोडी खाली घ्यायची होती. मी नाही म्हटलं. पाणी जिथवर आलं होतं तिथेच रेघ, एक बोटभरही हलणार नाही. शेवटी काकांनी मारुतीच वर सरकवला.

काल संध्याकाळी शेजारच्या आजी नातवाला रेघेखाली उभं करून दाखवत होत्या. तो म्हणाला, "आजी, मी बुडलो असतो?"

"मी तेव्हा माळ्यावर होते रे बाळा," आजी म्हणाल्या, "रात्रभर, तुझ्या बाबाला मांडीवर घेऊन."