बीबीआय केलं की बँकेत लागते का?

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न मला हमखास येतो. लग्नात, सोसायटीच्या गच्चीवर, लोकलच्या डब्यात. "तू बँकिंग अँड इन्शुरन्स केलंस ना? आमच्या हिला बीबीआयला घालू की साधं बीकॉमच बरं? बँकेत लागेल ना ती?" विचारणारे बहुधा आईवडील असतात. त्यांच्या मनातली बँक राष्ट्रीयीकृत असते: पेन्शनची आठवण असलेली, बदलीची भीती असलेली, तरीही हवीशी.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्या बँकेपुरतं उत्तर नाही असंच आहे. स्टेट बँक सोडली तर बाकी सरकारी बँकांच्या पीओ, म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, आणि क्लार्क पदांसाठी आयबीपीएस या भरती संस्थेची परीक्षा असते आणि तिला कुठल्याही शाखेची पदवी चालते. तुमची मुलगी तीन वर्षं बँकिंगचे पेपर देऊन तिथे बसेल, तेव्हा शेजारच्या बाकावर मेकॅनिकल इंजिनीअर असेल, आणि गणित व रीझनिंगमध्ये तो बहुतेक तिच्या पुढे असेल. बँकिंग शिकल्याचा उपयोग सामान्य ज्ञानाच्या विभागात होतो, थोडासा. क्लार्कच्या भरतीत मात्र त्या त्या राज्याची भाषा यावी लागते. महाराष्ट्रातल्या जागांसाठी मराठी नीट लिहिता-वाचता येणं कामाचं ठरतं, आणि ते कुठल्याच कॉलेजच्या माहितीपत्रकात छापत नाहीत.

मग माझ्या वर्गातली मुलं गेली कुठे? बरीचशी अशा ठिकाणी गेली, जिथे ग्राहक कधी दिसतच नाही. मीही त्यातलीच. फंड अकाउंटिंग या कामाचं नाव मी कॉलेजात कधी ऐकलं नव्हतं. म्युच्युअल फंडावर आम्हाला वीस मार्कांचा प्रश्न असायचा, 'फायदे व तोटे सांगा' छापाचा. तुमच्या एसआयपीची एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, रोज रात्री कोणीतरी बसून काढतं, हे नोकरीला लागल्यावर कळलं.

साडेतीनला बाजार बंद होतो, तेव्हा आमचा खरा दिवस सुरू होई. योजनेकडे असलेल्या प्रत्येक शेअरचा बंद भाव घ्यायचा, रोख्यांचं त्या दिवसापुरतं व्याज धरायचं, फंडाचा खर्च दिवसाच्या हिश्शाने वजा करायचा, उरलेल्या रकमेला युनिटच्या संख्येने भागायचं. ऐकायला सहावीचं गणित आहे. अडतं ते लाभांश आणि बोनसपाशी. समजा, कंपनीने एकास एक बोनस दिला, म्हणजे एका शेअरमागे एक शेअर फुकट. एक्स-डेटला, म्हणजे ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला तो बोनस मिळत नाही त्या दिवशी, हजाराचा शेअर पाचशेच्या आसपास उघडतो. बोनसचे शेअर त्याच दिवशी हिशेबात धरले नाहीत, तर फंडाची ती गुंतवणूक रातोरात अर्धी झालेली दिसते, आणि त्या चुकीच्या किमतीला लोक युनिट घेऊन-विकून मोकळे होतात. म्हणून एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने तपासायची, मेकर आणि चेकर. आकडा जुळला नाही तर त्याला 'ब्रेक' म्हणायचं आणि तो सापडेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. बहुतेक योजनांची एनएव्ही रात्री अकराच्या आत ॲम्फी या म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या वेबसाइटवर चढवावी लागते. परदेशी फंडांचं काम करणाऱ्यांची घड्याळं आणखी उलटी असतात. अमेरिकेचा बाजार आपल्या मध्यरात्रीनंतर बंद होतो. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या काचेच्या इमारतींमध्ये रात्री दिवे दिसले तर ते सगळे आयटीवाल्यांचेच आहेत असं समजू नका.

हे काम मला आवडलं. पण ते कुणाला आवडेल हे मार्कांवरून कळत नाही. दोन रुपयांचा फरक का आला, याने ज्याची झोप उडते त्याच्यासाठी ते आहे. आता जुळवाजुळवीचा बराच भाग सॉफ्टवेअर करतं. नुसते दोन तक्ते समोरासमोर ठेवून टिकमार्क करणाऱ्यांची गरज कमी होते आहे, आणि ती आणखी कमी होईल असं मला वाटतं. पण ब्रेक का पडला हे शोधणारा लागतोच. जानेवारी 2023 पासून आपल्याकडे शेअरचे सगळे व्यवहार लगेच पुढच्या कामाच्या दिवशीच पुरे व्हायला लागले. म्हणजे चूक शोधायला हातात असलेला वेळही कमी झाला.

वर्गातला दुसरा मोठा घोळका विक्रीत गेला. हे मात्र जरा मोठ्याने सांगते, कारण इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. पदाचं नाव असतं रिलेशनशिप मॅनेजर, वेल्थ ॲडव्हायझर, बिझनेस डेव्हलपमेंट. काम असतं खाती उघडायची, विमा विकायचा, महिनाअखेरीस टार्गेट गाठायचं. विक्री वाईट नाही. माझी एक मैत्रीण त्यात इतकी रमली की आज तिचा स्वतःचा म्युच्युअल फंड वितरणाचा व्यवसाय आहे. त्यासाठी एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची पाचवी-अ ही परीक्षा लागते, शंभर मार्कांची, पन्नासला पास, जी बारावी झालेला चुणचुणीत मुलगाही देऊ शकतो. मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. मुलीला वाटतं आपण पैशाचं विश्लेषण करणार, आणि पहिल्या सोमवारी हातात फोन नंबरांची यादी येते. काही खासगी बँका तर आधी सशुल्क कोर्स करायला लावतात आणि मग घेतात. त्या कोर्ससाठी कर्ज काढण्याआधी पद काय, बाँड किती, म्हणजे किती वर्षं नोकरी सोडता येणार नाही, हे लेखी विचारा.

उरलेल्या वाटा पदवीच्या पुढच्या परीक्षेवर ठरतात. सीए करायचंच असेल तर बीबीआयपेक्षा बीएएफ, म्हणजे अकाउंटिंग अँड फायनान्स, बरं, विषय बरेचसे तेच येतात. संशोधन-विश्लेषणाकडे ओढा असेल तर सीएफए या गुंतवणूक-विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या तीन पातळ्या आहेत, फी डॉलरमध्ये. आणि गणित खरोखर आवडत असेल तर बँकिंग-इन्शुरन्सच्या फंदातच पडू नका. संख्याशास्त्रात बीएससी करा आणि ॲक्च्युअरीच्या परीक्षा द्या. विमा कंपनीत हप्ता किती असावा हे ठरवणारी ही माणसं, आणि विम्याचा पेपर शिकलेल्या आमच्या अख्ख्या वर्गात एकालाही ती वाट माहीत नव्हती.

मुंबई-पुण्याबाहेरच्या पालकांसाठी एक, जे इथले करिअर सल्लागार कधी सांगत नाहीत. सांगली, नगर, कोल्हापूरकडे नागरी बँका आहेत, पतसंस्था आहेत, साखर कारखान्यांचे आणि दूध संघांचे हिशेब आहेत. राज्याच्या सहकार खात्याची जीडीसी अँड ए ही पदविका कुठल्याही पदवीधराला करता येते, आणि अनुभवाची अट पुरी झाली की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाची कामं मिळण्याचा रस्ता उघडतो. यात मुंबईच्या बीकेसीतल्या कॉर्पोरेट ऑफिसांचा झगमगाट नाही. पण कर्ज कुणाला द्यावं हे मला विचाराल, तर त्या भागातल्या पिग्मी गोळा करणाऱ्या एजंटाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. तो रोज दुकानात जातो. गल्ल्यात काय पडतं ते त्याला दिसतं.

आता तुमचा मूळ प्रश्न, साधं बीकॉम की बीबीआय. अनुदानित कॉलेजात साधं बीकॉम मिळत असेल तर फीमधला फरक मोठा आहे. बीबीआय विनाअनुदानित असतं, आणि नुसत्या नावासाठी तो फरक भरू नये असं माझं मत. तेवढ्या पैशात एनआयएसएमच्या दोन-तीन परीक्षा आणि एक्सेलचा चांगला क्लास आरामात होतो. कॉलेज मुलांना खरोखर इंटर्नशिपला पाठवत असेल, तर मात्र गणित बदलतं. ते माहितीपत्रकावरून कळणार नाही. तिथे प्लेसमेंटच्या यादीत कंपनीचं नाव ठळक असतं, पदाचं नसतंच. कॉलेजच्या कँटीनमध्ये जा, तिसऱ्या वर्षाची दोन मुलं गाठा आणि विचारा, मागच्या बॅचला कुठल्या पदावर घेतलं, आणि त्यातली किती सहा महिन्यांनी तिथे होती. मुलीलाही बरोबर न्या. खरं तर तिलाच विचारू द्या, तुम्ही चहा घ्या.