पवन मावळ: तिकोना सकाळी, तुंग दुपारी, लोहगड सोमवारी

पवन मावळात, म्हणजे पवना नदीच्या खोऱ्यात, पवना धरणावर जायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पाण्याकाठचे तंबू येतात. आम्हीही पहिला मुक्काम तिथेच टाकला होता. शेजारच्या तंबूवाल्यांचा स्पीकर मध्यरात्रीपर्यंत वाजत होता, त्यामुळे चांदण्यांकडे कुणाचं लक्ष गेलंच नाही. खरं सांगायचं तर काठावरून या जलाशयाचा आकारच कळत नाही. तो वरून, किल्ल्यांवरून पाहायचा.

किल्ले चार: लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना. १६६५च्या पुरंदरच्या तहात महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत हे चारही होते. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांवर नजर ठेवणारी ही चौकडी. खालचं पाणी मात्र अलीकडचं. धरण झालं १९७०च्या दशकात. मावळ्यांना वरून दिसायची ती नुसती पवनेची नदी आणि भातखाचरं.

आम्ही ऑक्टोबरात गेलो आणि सगळ्यांना तेच सुचवेन. धरण भरलेलं असतं, डोंगर अजून हिरवे असतात, वाटा वाळलेल्या असतात आणि खाचरांत इंद्रायणी भात पिकत आलेला असतो. हे वाण मुळात इथल्याच वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातलं. गावात जेवलात तर भात मागून घ्याच.

पुण्याहून येणाऱ्यांनी कामशेतला वळून पवनानगर गाठावं. जुनी मंडळी अजून काले कॉलनीच म्हणतात. एसटी आहे, पण परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. तिथून पुढे गडाच्या पायथ्याचं गाव, तिकोना पेठ. गड चढायला तासभर पुरतो. वाटेत चपेटदान मारुती आणि चुन्याची घाणी लागते. बालेकिल्ल्याच्या पायऱ्या मात्र अंगावर येतात: अरुंद, खड्या, काही तर गुडघ्याएवढ्या. ज्येष्ठांना आणायचं असेल तर सावकाश आणा, आणि उतरताना बाजूने उतरायला सांगा. वर त्र्यंबकेश्वराचं देऊळ आहे. तिथून जलाशयाचे सगळे फाटे दिसतात, पाण्यापलीकडे तुंगचा सुळका आणि उत्तरेला लोहगड-विसापूरची जोडी.

तिकोना सकाळीच करा, असं का? तर पाणी गडाच्या वायव्येला आहे. सकाळी ऊन पाठीवर असतं आणि समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. संध्याकाळी नुसती तिरीप डोळ्यांत. तुंगचं नेमकं उलट, म्हणून तो दुपारी. तिकोना पेठेतून धरणाच्या दक्षिणेने जवणमार्गे तुंगवाडीला जाता येतं; लोणावळ्याकडून यायचं तर घुसळखांब फाट्यावरून. तुंग लहान आहे, पण वाट निमुळती आणि घसाऱ्याची. माथ्यावर तुंगाई देवीचं छोटं देऊळ, बाकी जागा जेमतेम. अंधाराच्या आत खाली या. चढायच्या आधी गावात पिठलं-भाकरी सांगून ठेवली तर उतरल्यावर गरम मिळते. आयत्या वेळी मागितली तर ताटकळावं लागतं.

लोहगड शनिवार-रविवारी नकोच. पावसाळ्यातल्या रविवारी तर दरवाज्यात माणसाला माणूस खेटतो. २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत लोहगड आहे, म्हणजे गर्दी वाढणारच. आम्ही सोमवारी गेलो आणि गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ही चार दारांची नागमोडी रचना निवांत पाहता आली. नाना फडणीसांनी बांधवलेलं सोळाकोनी तळं चुकवू नका. विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब निमुळत्या सोंडेवर, वारा असेल तर कडेला सेल्फी टाळा.

लोकलने येणाऱ्यांनी मळवलीला उतरावं. भाजे गाव, लेणी, मग गायमुख खिंड आणि लोहगडवाडी असा दीड-दोन तासांचा रमणीय रस्ता आहे. मुंबईकरांनी लोणावळ्याला लोकल धरावी, पुढचंच स्टेशन. दुपारच्या गाड्या विरळ असतात, वेळापत्रक पाहूनच निघा.

विसापूर आम्ही या खेपेला सोडला. तो लोहगडाहून उंच आणि पसरट आहे, त्याला वेगळा दिवस द्यायला हवा. १८१८च्या मार्चमध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगड पडला. उंची पाहिली की कारण कळतं. पावसात घळीची वाट धरू नका, पाण्याचा लोट येतो, आणि धुक्यात पठारावर दिशा हरवते.

पाण्यात उतरायचा मोह आवरा. काठ उथळ वाटतो, पण तळाशी गाळ आहे आणि खोली एकदम वाढते; दरवर्षी बुडण्याच्या बातम्या येतात. पावसाळ्यात जिल्हाधिकारी अधूनमधून पर्यटनबंदीचे आदेश काढतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. मुक्कामासाठी पाण्याकाठापेक्षा तिकोना पेठेतलं एखादं घर बघा. स्वस्त पडतं, झोप लागते आणि सकाळी थेट गडाच्या वाटेलाच लागता येतं.