वाळूखालचे तास : थरच्या संग्रहालयांतून आठ दिवस

राजस्थानला जायचं ठरलं तेव्हा अण्णांनी एकच अट घातली. "किल्ले फार नकोत. चढउतार आता झेपत नाही, आणि तलवारी किती बघायच्या?" अण्णा म्हणजे माझे वडील. वय पंचाहत्तर, सोलापूर जिल्ह्यातली कोरडवाहू जमीन आयुष्यभर कसली. मग मी आखणीच उलटी केली. जोधपूर, जैसलमेर, बिकानेर आणि शेवटी थेट हनुमानगडकडचं कालीबंगा. प्रत्येक ठिकाणी आधी सरकारी संग्रहालय, वेळ उरला तर बाकीचं.

सरकारी संग्रहालय म्हटलं की लोक नाक मुरडतात. मला मात्र ती फार आवडतात. किल्ल्यातली संग्रहालयं बहुतेक राजघराण्याची असतात, तिथे पालख्या, हौदे, तैलचित्रं. सरकारी संग्रहालयात त्या मुलखात जे जे सापडलं ते येऊन पडतं. कुणाच्या शेतात नांगराला लागलेली मूर्ती, खड्ड्यातून निघालेलं खापर, दगड झालेलं झाड. वाळवंटात माणूस कसा जगला हे तिथेच कळतं.

जोधपूरचं सरदार राजकीय संग्रहालय उमेद उद्यानात आहे. 1936 साली उघडलेली देखणी दगडी इमारत. आमच्याकडे दोनच तास होते आणि त्यातला निम्मा वेळ मंडोरहून आणलेल्या तोरणस्तंभापाशी गेला. चौथ्या-पाचव्या शतकातला लाल वालुकाश्म, त्यावर एकाखाली एक कृष्णाच्या बाललीला. गोवर्धन उचललेला कृष्ण ओळखायला अण्णांना पाटी वाचावी लागली नाही. दीड हजार वर्षांपूर्वी या कोरड्या मुलखातल्या माणसांनीही पावसापासून गाईगुरं वाचवणारा देव दगडात कोरावा, याचं मला नवल वाटत राहिलं. मारवाडच्या या अवशेषांशी आपलंही एक जुनं नातं आहे. जवळच्या ओसियांच्या मंदिरांवर देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुरातत्त्व खात्यासाठी सविस्तर लिहिलं होतं. त्या काळी या भागात फिरायचं म्हणजे उंटावरून.

रात्रीच्या गाडीनं जैसलमेर. सकाळी गाडीतून उतरलो तर हात गारठून गेलेले, आणि दहा वाजता स्वेटर काढावा लागला. जैसलमेरचं राजकीय संग्रहालय लहान आहे, 1984 सालचं. सोनेरी किल्ल्याकडे धावणाऱ्या गर्दीतलं कुणी इकडे फिरकत नाही. आम्ही गेलो तेव्हा आम्ही दोघं आणि एक पहारेकरी. किराडू आणि लोदरवा इथली शिल्पं आहेत, पण मला खिळवलं ते जीवाश्मांनी. शंखशिंपल्यांचे ठसे उमटलेले दगड. जिथे पिण्याच्या पाण्यासाठी मैलोगणती चालावं लागे, तिथे एके काळी समुद्र होता. शहरापासून 17 किलोमीटरवरच्या आकल गावी तर अख्खी झाडंच दगड होऊन पडली आहेत, सुमारे 18 कोटी वर्षांपूर्वीची. आम्ही दुपारी तिथेही गेलो. उघड्या माळावर लोखंडी जाळ्यांखाली पंचवीसेक खोडं, सगळ्यात लांब जवळपास 13 मीटर. अण्णांनी जाळीतून बोट घालून साल चाचपली. सालीच्या रेघा लाकडासारख्या, स्पर्श दगडाचा. "इथं जंगल होतं म्हणजे पाऊस होता," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ गप्प राहिले.

याच भागातल्या हाबूर गावचा जीवाश्मांनी भरलेला तांबूस-पिवळा दगड बाजारात मिळतो. त्याच्या वाटीत दूध ठेवलं की विरजणाशिवाय दही लागतं, असं तिथले लोक खात्रीनं सांगतात. मी एक वाटी घेतली आहे.

संग्रहालयात एका काचेच्या पेटीत पेंढा भरलेला गोडावण आहे. राजस्थानचा राज्यपक्षी. पाटी वाचून मी पुढे गेले, अण्णा मागेच. वळून पाहिलं तर ते काचेला नाक लावून उभे. "अगं, हा तर माळढोक!" त्यांचा आवाज एवढा मोठा झाला की पहारेकरी धावत आला. आमच्या गावापासून नान्नज लांब नाही. अण्णांच्या लहानपणी ज्वारीच्या रानाकडेला, कुसळी गवतात माळढोक दिसायचे. उंच मानेचा, रुबाबात पावलं टाकणारा, माणूस दिसला की आधी चालत दूर जाणारा आणि मगच जड अंगानं उडणारा पक्षी. नान्नजला त्यांच्यासाठी अभयारण्य केलं, तरी माळ मोडत गेले आणि पक्षी दिसेनासे झाले. आता साऱ्या जगात हा पक्षी दीडशेहूनही कमी उरलाय, आणि त्यातले बहुतेक याच जैसलमेरच्या वाळवंटात. त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्यामुळे उडताना विजेच्या तारांवर आदळून मरतो. पहारेकऱ्यानं आम्हाला ते हातवारे करून सांगितलं, आणि अण्णांनी त्याला आमच्याकडचं नाव शिकवलं. तो दोनदा म्हणाला, "माळढोक, माळढोक," आणि हसला. आपल्या माळावरून गेलेला पक्षी अण्णांना हजारएक किलोमीटरवर काचेत भेटला. ते मला सहन होण्यासारखं नव्हतं, आणि ते लिहितानाही मी थांबते आहे.

बिकानेरला जाताना बस वाटेत बिघडली आणि तीन तास रस्त्याकडेला बसावं लागलं. त्याचं वाईट वाटलं नाही. कारण तिथेच एका म्हाताऱ्या प्रवाशानं आम्हाला खडीन, म्हणजे तिकडची पाणी अडवून शेती करायची जुनी रीत, समजावून दिली. खडकाळ उतारावरचं पावसाचं पाणी खाली सखल जागी आडवा बांध घालून अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं, आणि पाणी ओसरल्यावर त्याच ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. पालीवाल ब्राह्मणांनी ही विद्या जैसलमेरच्या मुलखात रुजवली. अण्णांनी लगेच त्याला आमच्याकडची ताल आणि बांधबंदिस्ती सांगितली. दोघांची भाषा वेगळी, पण काठीनं मातीत रेघा ओढून बोलणं चाललं होतं.

बिकानेरचं गंगा राजकीय संग्रहालय हे या प्रवासाचं काळीज. 1937 मध्ये महाराजा गंगासिंहांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात ते उघडलं गेलं. गंगासिंहांच्या हाती पूर्ण कारभार आला 1898 साली, आणि पाठोपाठ 1899-1900 चा तो भयंकर दुष्काळ. विक्रम संवत 1956, म्हणून मारवाडी बोलीत 'छप्पनिया काळ'. तिकडे अजून कुणी हावरटासारखं जेवलं तर 'छप्पनियातून आलास का' असं म्हणतात म्हणे. पुढे 1927 मध्ये सतलजचं पाणी गंग कालव्यानं बिकानेरच्या उत्तरेला आलं आणि वाळूत गहू उभा राहिला. अण्णा बहात्तरच्या दुष्काळात तेवीस वर्षांचे होते, खडी फोडायला जायचे आणि सुकडी खायचे. गंगासिंहांच्या चित्रासमोर त्यांनी टोपी काढली. एरवी राजेमहाराजे त्यांना मुळीच आवडत नाहीत.

पण या संग्रहालयाचा खरा नायक राजा नाही, एक इटालियन तरुण आहे. लुईजी पिओ तेस्सितोरी. उदिने गावचा, 1887 चा जन्म. जुन्या राजस्थानी भाषेचं व्याकरण त्यानं हिंदुस्थानात पाऊल ठेवण्याआधीच लिहून काढलं होतं. 1914 ला तो आला तो चारण-भाटांची काव्यं आणि 'ख्यात' म्हणजे जुन्या बखरी गोळा करायला. उंटावरून गावोगाव फिरला, पोथ्या नोंदवल्या, शिलालेखांचे ठसे घेतले, आणि घग्गर नदीच्या कोरड्या पात्रातल्या मातीच्या टेकड्या उकरून पाहिल्या. या पात्राला तिकडे 'नाली' म्हणतात आणि टेकडीला 'थेड'. रंगमहल, बडोपल, मुंडा, पीर सुलतानची थेडी. तिथे त्याला सापडलेल्या भाजक्या मातीच्या मूर्ती या संग्रहालयात आहेत. कालीबंगाच्या टेकडीवर त्याला मुद्राही मिळाल्या होत्या, पण त्यांचा अर्थ लागायच्या आत, 22 नोव्हेंबर 1919 ला, वयाची बत्तीस वर्षं पुरी व्हायच्या आधीच, बिकानेरलाच तो गेला. त्या मुद्रा हडप्पा संस्कृतीच्या, आणि तिची घोषणा जगाला झाली 1924 साली. पाच वर्षं. मी त्याच्या नावाच्या पाटीपाशी उभी राहून ती वर्षं पुन्हा पुन्हा मोजली. त्याची कबर बिकानेरातच आहे, तिथे फुलं ठेवून आलो.

रंगमहलच्या त्या मातीच्या फलकांसमोर आम्ही जवळपास एक तास होतो. दानलीलेचा फलक बघा: कृष्ण वाट अडवून उभा, समोर घागरा घातलेली गोपी. विटेसारखा लाल रंग, बोटांनी दाबून वळवलेल्या निऱ्या. काही ठिकाणी माती दाबल्याच्या खुणा इतक्या ताज्या वाटतात की हात लावला तर ओल लागेल. बाहेर बसथांब्यावर तोच घागरा नेसून बायका उभ्या होत्या. हे फलक कुशाण ते गुप्त काळातले. दगड नाही म्हणून तिथल्या कुंभारांनी नदीच्या चिकणमातीतच देव घडवले. नदी पुढे आटली, देव मातीखाली राहिले.

आणि पल्लूची सरस्वती! पल्लू हे हनुमानगडकडचं गाव. तिथे तेस्सितोरीलाच पांढऱ्या संगमरवरातल्या दोन जैन सरस्वती मिळाल्या. एक दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, दुसरी इथे. अकराव्या-बाराव्या शतकातली, चार हातांची. कमळ, अक्षमाला, कमंडलू, आणि एका हातात ताडपत्राची पोथी. पोथीला दोरा गुंडाळलाय, तो दोराही दगडातच कोरलेला. बोटांची नखं पाहा, गळ्यातल्या माळांचे मणी पाहा. मी पंढरीची, देवापुढे उभं राहायची सवय असलेली बाई, तरी या मूर्तीपुढे माझे हात आपोआप जोडले गेले आणि मागे उभ्या शाळेच्या मुलींनी ते पाहून आपलेही जोडले.

पुढे सुरतगडमार्गे पीलीबंगा, तिथून रिक्षानं कालीबंगा. हे संग्रहालय केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं, 1983 साली सुरू झालेलं. शुक्रवारी बंद असतं, तेवढं सांभाळा. कालीबंगा म्हणजे काळ्या बांगड्या. टेकडीवर भाजक्या मातीच्या काळपट बांगड्यांचे तुकडे आजही पायाखाली येतात, त्यावरून हे नाव. इथे 1960 ते 1969 अशी नऊ वर्षं ब्रजबासी लाल आणि बाळकृष्ण थापर यांनी उत्खनन केलं. एक दालन हडप्पापूर्व वस्तीचं, दोन हडप्पा काळाची. मातीचा धाव घेतलेला बैल, मुद्रा, 30×20×10 सेंटीमीटरच्या मापाच्या कच्च्या विटांची घरं, तटबंदी, अग्निवेदी, सगळं आहे.

पण अण्णा थांबले ते नांगरलेल्या शेताच्या छायाचित्रापाशी. पहिल्या वस्तीच्या तटाबाहेर आग्नेयेला उत्खननात एक शेत सापडलं, साधारण 4,800 वर्षांपूर्वीचं. जगात आजवर उत्खननात मिळालेल्या सर्वांत जुन्या नांगरलेल्या शेतांपैकी एक. छायाचित्रात जमिनीवर आडवे-उभे तास, म्हणजे नांगराच्या रेघा, दिसतात. पूर्व-पश्चिम तास एकमेकांपासून जेमतेम 30 सेंटीमीटरवर, उत्तर-दक्षिण तास सुमारे 1.90 मीटरवर.

अण्णांनी चष्मा पुसला. "पोरी, हे दोन पिकांचं रान आहे."

मी पाटी वाचायला लागले, त्यांनी थांबवलं. "वाचू नकोस. मी सांगतो. दाट तासांत बुटकं पीक, लांबच्या तासांत उंच पीक. आपण हरभऱ्यात करडईच्या ओळी घेतो ना, तसंच."

आणि उत्खनन करणाऱ्यांनीही तेच म्हटलं आहे. 1960 च्या दशकात आसपासचे शेतकरी दाट तासांत हरभरा आणि लांब तासांत मोहरी पेरत होते. मोहरीच्या ओळी उत्तर-दक्षिण का, याचं उत्तरही सुंदर आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो. मोहरी पूर्व-पश्चिम ओळीत लावली तर तिची सावली दिवसभर उत्तरेकडच्या हरभऱ्यावर पडेल. उत्तर-दक्षिण लावली तर सावली सरकत राहते आणि खालच्या पिकाला ऊन मिळतं. हे मी समजावून सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "आमच्या आजोबांनी असं कारण सांगितलं नाही, पण ओळ मात्र बरोबर अशीच धरायला लावायचे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेतीला कुणी विद्या म्हणत नाही, हे दुःख त्यांना आयुष्यभर आहे. इथे ती काचेमागे, दिव्याखाली, सन्मानानं मांडलेली होती.

टेकडीवर गेलो. उत्खननाची जागा बुजवलेली, फार काही दिसत नाही. अण्णांनी वाकून एक बांगडीचा तुकडा उचलला, बोटात फिरवला, आणि पहारेकऱ्यानं काही म्हणायच्या आत जिथला तिथे ठेवला.

खाली घग्गरच्या पात्रात आता कालव्याचं पाणी आहे. गव्हाचं हिरवं रान आणि पलीकडे पिवळी मोहरी. बांधावर एक तरुण शेतकरी उभा होता. अण्णांनी त्याला विचारलं, हरभरा नि मोहरी एकत्र पेरता का? तो म्हणाला, "दादाजी करते थे. अब नहर है, नरमा और गेहूँ ही करते हैं।" नरमा म्हणजे कापूस. मग अण्णांनी चपला काढल्या, मोहरीच्या रानात उतरले, आणि दोन ओळींमधलं अंतर वितीनं मोजायला लागले. तो शेतकरीही त्यांच्यासोबत वाकला.