झेंडूची रोपे: बी उगवते कशावर आणि वाढते कशावर

दसऱ्याची तोडणी धरायची तर झेंडूचे बी जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला टाकावे लागते, म्हणजे ऐन दमट हवेत. अशा वेळी ट्रेमध्ये काय भरलंय यावर निम्मं काम ठरतं. मी काळी माती, माती-शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ही तिन्ही माध्यमं वापरली आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की झाली: बियाला उगवताना खत लागत नाही, ओल आणि हवा लागते. खाऊ नंतरचा.

काळी माती गादीवाफ्यावर एकवेळ चालते, ट्रेमध्ये नाही. ९८ कप्प्यांच्या ट्रेचा कप्पा उथळ असतो, त्यामुळे बारीक मातीतलं पाणी तळाला अडून राहतं आणि मुळांना हवा मिळत नाही. वरून पापडी धरते, कोंब ती फोडू शकत नाही. कच्चं शेणखत मिसळलं की भर पडते ती हुमणी अळीची आणि मर रोगाची. रोप जमिनीलगत पिचून आडवं होतं आणि दोन दिवसांत ट्रेमध्ये टकलं पडतात.

म्हणून आता कोकोपीटच, पण धुऊन. ५ किलोची वीट २०-२५ लिटर पाण्यात फुगवली की साधारण ७० लिटर भुसा होतो. त्यात क्षार असतात, ते राहिले तर बी उशिरा उगवतं आणि पानांच्या कडा करपतात. निथळणारं पाणी चहासारखं दिसतं तोवर धुवायचं. मीटर असेल तर ईसी, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, ०.८ च्या खाली आला की थांबायचं. मग १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून त्यात रात्रभर भिजवायचं आणि पुन्हा एकदा धुवायचं. ही पायरी बरेच जण गाळतात. कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅश, सोडियम सोडतं. आधीच कॅल्शियम दिलं नाही तर ते रोपाच्या वाट्याचं ओढून घेतं.

मिश्रण मापाने: ३ भाग कोकोपीट, १ भाग परलाइट (हलके, फुगवलेले पांढरे खडे), अर्धा भाग चाळलेलं गांडूळखत. मूठ दाबल्यावर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा; धार लागली तर ओल जास्त. कप्पे भरताना ठासायचे नाहीत. बी अर्धा सेंटिमीटर खोल. पेटुनियाचं बी मात्र भुकटीसारखं, त्याला उजेड लागतो, ते नुसतं वर टाकायचं आणि झाकायचंच नाही.

झेंडूचे ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकतो. तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून बघायचं आणि पहिले कोंब दिसताच ट्रे पसरायचे. एक दिवस उशीर झाला तरी रोपं दोऱ्यासारखी लांबतात, ती पुढे सावरत नाहीत.

पाण्याचा अंदाज डोळ्यांनी घेऊ नये. कोकोपीट वरून भुरकट वाळलेलं दिसतं आणि आत चिंब असतं. ट्रे उचलून वजनावर ठरवायचं. उगवतानाच्या जोडपानांनंतरची खरी दोन पानं आली की १९:१९:१९ हे नत्र-स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, आठवड्यातून दोनदा, कारण कोकोपीटमध्ये खाऊ जवळपास नाहीच आणि अर्धा भाग गांडूळखत फार दिवस पुरत नाही. रोप फिकट पडलं म्हणून गांडूळखत वाढवणं हा उलटा उपाय, त्याने क्षार आणि ओल दोन्ही वाढतात. सामू (पीएच) ६ ते ६.५ ठेवावा, झेंडू लोह जोरात ओढतो, सामू उतरला की खालच्या पानांवर तपकिरी ठिपके येतात आणि लोक त्यावर बुरशीनाशक मारत बसतात.

चार-पाच पानांवर, साधारण २५ दिवसांनी, ओढल्यावर मुळांचा गड्डा न फुटता निघाला की रोप तयार. लावताना गड्डा पूर्ण ओला हवा आणि त्यावर बोटभर माती यायला हवी. उघडा राहिलेला कोकोपीटचा भाग वातीसारखा ओल वर खेचून वाळवतो, शिवाय भोवतालची काळी मातीही गड्ड्यातलं पाणी शोषते. शेत ओलं असूनही पहिल्या आठवड्यात रोपं मान टाकतात ती यामुळेच.